गोगलगायी कुणी मारल्या

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्याशी बोलून राहिलो. कदाचित हाही भित्रेपणाच.

चिखल्याच्या खाणीत मी इलेक्ट्रिकच्या कामाला आहे. कॉलनीतल्या क्वार्टरच्या पुढच्या खोलीत माझी समुद्राच्या पाण्याची टाकी आहे, चार फुटी. नागपूरहून मागवलेलं मीठ मोजून कालवायचं, पंप, दिवे — सगळं माझ्या हातचं. त्यात प्रवाळ, चार मासे आणि वीसेक गोगलगायी. गोगलगायी शोभेच्या नव्हेत, सफाईवाल्या. काचेवरचं शेवाळ खरवडून खातात, वाळूत पडलेलं उष्टं संपवतात. रविवारी लोक लेकरं घेऊन टाकी बघायला यायचे. आम्ही जातीनं ढिवर. बापानं, आज्यानं तलावात जाळी टाकली. शाळेत माझ्या दप्तराला मासळीचा वास येतो म्हणून पोरं सरकून बसायची. टाकीपुढं उभा राहिलो की मी तो पोरगा नसायचो. हे कारण म्हणून नाही सांगत. नुसतं सांगतो.

सासूबाई गेल्यावर सासरे सिहोऱ्याहून आमच्याकडे राहायला आले. मी त्यांना मामाजी म्हणायचो. आयुष्यभर तलावात मासेमारी केलेला माणूस, अक्षरओळख नाही. दिवसभर टाकीपुढं बसायचे. या गोगलगायींची एक खोड असते — काचेवरून सुटून उताण्या पडल्या की पुष्कळदा त्यांना सुलटं होता येत नाही, तशाच मरतात. मामाजींनी ते दोन दिवसांत हेरलं. बाही वर करून हळूच हात घालायचे आणि एकेकीला पालथं करून ठेवायचे. आठ वर्षांची माझी पिहू त्यांच्या मांडीवर बसून मोजायची. कोणती कुठं लपली ते तिला माझ्यापेक्षा जास्त कळू लागलं.

एका रविवारी आमचे साहेब आले. मी मिठाचं प्रमाण समजावत होतो, आणि साहेब माझ्याकडे पाठ करून मामाजींचं बोलणं ऐकत होते. जाताना हसत म्हणाले, "खरे जाणकार हे आहेत, तुम्ही नुसते वायरमन!" सगळे हसले. मीही हसलो.

एवढ्याशा गोष्टीनं माणूस असा होतो का? मी झालो.

त्याच आठवड्यात माझ्या लाडक्या पिवळ्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. त्यावरचं औषध तांब्याचं असतं. तांबं माशाला वाचवतं, पण गोगलगायीला आणि प्रवाळाला मारतं. बाटलीवर तसं छापलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. मासा काढून वेगळ्या भांड्यात ठेवायला हवा होता. कंटाळा केला. अर्धं औषध टाकीतच ओतलं — अर्ध्यानं काय होतंय?

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो तर खोलीत सडका वास. गोगलगायी तळाला लोळत होत्या, अंग शंखाबाहेर लोंबत होतं. मामाजी एकेकीला सुलटं करत होते आणि ती पुन्हा कलंडत होती. सुषमा, माझी बायको, माझ्याकडे बघत म्हणाली, "काय झालं हो?"

त्या क्षणी मला मामाजींच्या मनगटातलं कडं दिसलं. सांधेदुखीसाठी घातलेलं, तांब्याचं.

मी मोबाइल काढला आणि तांब्यानं गोगलगायी मरतात असं लिहिलेलं पान पिहूच्या हातात दिलं. "वाच, मोठ्यानं वाच." लेकीकडून वाचून घेतलं मी ते. त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ऐकून मामाजी कडं काढू लागले. सुजलेल्या मनगटातून ते निघेना. साबण झाला, तेल झालं. शेवटी मीच हॅक्सॉचं पातं आणलं, त्यांचा हात मांडीवर घेतला आणि कापलं. बराच वेळ लागला. तेवढा सगळा वेळ मला सांगता आलं असतं.

ते एवढंच म्हणाले, "बहुत मासे मारले म्या, जवाईबापू. पानी नाई मारलं कधी."

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, घाबरला, खोटं बोलला; होतं असं. मलाही इथंच थांबायचं होतं. पण खरं सांगायचं ते पुढं आहे.

मामाजी आठवड्यात सिहोऱ्याला परतले. मी दगड, वाळू, पाणी सगळं बदलून टाकी पुन्हा उभी केली. तीनेक महिन्यांनी ते एस.टी.नं आले, हातात झाकणाचा डबा. आत तलावातल्या गोगलगायी, ओल्या गवतात ठेवलेल्या. स्वतः शिवलेही नव्हते. शेजाऱ्याकडून वेचून घेतल्या होत्या. माझ्या टाकीची भरपाई. डबा पुढं करून त्यांनी विचारलं, "खाऱ्या पान्यात जगतीन का हे?"

गोड्या पाण्याची गोगलगाय खाऱ्या पाण्यात जगत नाही. मला ठाऊक होतं. शंकेला जागा नव्हती — घाबरायचंही काही कारण नव्हतं, कुणी मला काही विचारत नव्हतं. तरी मी म्हणालो, "जगतीन ना, काहून नाही जगणार? पण तुमच्याच हातानं सोडा, मामाजी."

ते नको म्हणत होते. मी आग्रह केला. मोरीत नेऊन त्यांचे हात दोनदा धुऊन घेतले, पिहूला शेजारी उभं केलं. त्यांनी एकेक गोगलगाय अशी सोडली, जशी झोपलेल्या लेकराची मान उशीवर टेकवावी. त्या शंखात ओढल्या गेल्या, फेस सोडला आणि पुन्हा बाहेर आल्या नाहीत. मामाजी संध्याकाळपर्यंत टाकीपुढून उठले नाहीत. पिहू शेवटी म्हणाली, "आजोबा, आता तर कडं पण नाही." ते आपल्या तळहाताकडे बघत राहिले. आणि मी — चहा पीत होतो. तो चहा मला गोड लागला. मला बरं वाटलं. हेच सांगायचं होतं.

त्यानंतर मामाजी पाण्यात उतरले नाहीत. गावातले तलावावर बोलवायचे, ते काठावर जाळी विणत बसायचे. पिहू त्यांच्या हातचं काही खाईना. मी तिला कधी टोकलं नाही. उलट लग्नाकार्यात हा किस्सा रंगवून सांगायचो, ते समोर बसलेले असताना. लोक हसायचे. तेही मान खाली घालून हसायचे.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. तेरवीला सिहोऱ्यात पंगती उठल्यावर सुषमा माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "तुमच्या टाकीचं त्यांच्या मनाला लय लागलं होतं. शेवटपर्यंत म्हणत होते, जवाईबापूले सांग, माफ करा. करसाल ना?"

मी म्हणालो, "केव्हाच केलं."

तिनं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं आणि रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिलो.