दिवा विझवला, गाडी तशीच

मंडळी, डोकं फिरलंय म्हणून लिहितेय.

आज सकाळी कर्जतहून कळंबला निघाले. गाडी मी चालवत होते, मागे सासूबाई आणि माझी लेक. एका वळणावर ट्रॅक्टरच्या चाकांचा चिखल सांडला होता, म्हणून वेग कमीच ठेवला होता. तरी गाडीने आपणहून एका चाकाचा ब्रेक धरला आणि आम्ही गर्रकन फिरून बांधाला जाऊन टेकलो. लागलं कुणालाच नाही, पण सासूबाई परत गाडीत बसायला तयार नाहीत.

मागून येणारे ट्रॅक्टरवाले काका धावत आले. मला वाटलं, आता ऐकवणार. ते म्हणाले, "तुमची काय चूक नाय ताई. मी बघत होतो, गाडीच येड्यासारखी फिरली."

गाडी घसरू नये म्हणून बसवलेली यंत्रणाच गाडी फिरवते! तिचा धोक्याचा दिवा गेल्या आठवड्यात लागला होता, म्हणून गाडी सर्व्हिस सेंटरला नेली. तिथला माणूस म्हणाला, "दिवा घालवलाय मॅडम. आमचं काम कसं वाटलं विचारायला कंपनीचा फोन येईल, दहापैकी दहाच मार्क द्या हं, नऊ दिले तरी आम्हाला बोलणी बसतात." मी भिडेखातर दहा दिले. गाडी नीट चालवूनही बघितली नव्हती.

आज त्यांनाच फोन लावून सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं,

"आता दिवा लागलाय का?"

"नाही."

"मग गाडीत दोष नाही मॅडम. आणि तुम्हीच तर दहापैकी दहा दिलेत."

खरं सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी असेच दहा दिलेत? आपले तेच दहा दाखवून कंपनीवाले उद्या आणखी एका घराला अशीच गाडी विकतील.