मोजून दाखवा

पूर्वी जिथं अणुस्फोटांच्या चाचण्या व्हायच्या, त्या मैदानाला लागून आमचं गाव. कुल्याश आपा माझ्या शेजारी राहायच्या. त्यांच्या लहानपणी प्रत्येक स्फोटाआधी सैनिक घरोघर येऊन सांगायचे, बाहेर पडा, खड्ड्यात पालथे झोपा, काही होत नाही. पुढे आपांची बहीण रक्ताच्या आजारानं गेली, मग नवराही. ‘काही होत नाही’ असं त्यांच्यासमोर म्हणायची कुणाची टाप नव्हती.

मुलानं शहरातून मायक्रोवेव्ह पाठवला. त्यातून किरण निघतात एवढं कानावर पडलं आणि आपांनी तो उचलून मेंढवाड्यात नेऊन ठेवला. आपांजवळ राहणारी सून मेरुएर्त चिडली.

"मोबाइल उशाखाली घेऊन झोपता आई, आणि हा डबा तेवढा वाईट होय?"

आपांनी मोबाइलही मेंढवाड्यात नेला. टीव्हीची वायर काढली. मी समजूत घालायला गेले, तर म्हणाल्या, "समजावू नका कुणी. मोजून दाखवा."

मग बस पकडून त्या सेमे शहरातल्या प्रयोगशाळेत गेल्या. साहेब नाहीत, उद्या या, असं ऐकत परत परत जात राहिल्या. शेवटी राउशान नावाची तरुण इंजिनिअर, कंटाळून म्हणा की दया येऊन म्हणा, किरण मोजायची दोन यंत्रं घेऊन आली.

टीव्ही, फ्रिज, मोबाइल, सगळ्यांवरून तिनं यंत्र फिरवलं. ते एरवी टिकटिकतं तेवढंच टिकटिकलं. मायक्रोवेव्हचे किरण वेगळे, त्यांना दुसरं यंत्र लागतं, असं तिनं सांगितलं. ते किरण अन्न तापवतात, स्फोटाच्या किरणांसारखे रक्त बिघडवत नाहीत. दार नीट बंद होत असेल तर भीती नाही. तेही तिनं आपांच्या डोळ्यांदेखत मोजलं.

"आलीच आहेस तर अंगणही बघ," आपा म्हणाल्या.

अंगणातल्या बाकड्याजवळ यंत्र कर्कश वाजायला लागलं. नव्वदच्या दशकातल्या भुकेच्या दिवसांत आपांच्या नवऱ्यानं त्या स्फोटांच्या मैदानातून लोखंडी पाइप उकरून आणले होते. त्यांचंच ते बाकडं. त्यावर आपा रोज संध्याकाळी बसायच्या.

आपा बाकड्यापासून दोन पावलं मागं सरल्या. मग विचारलं, "ह्यानंच गेले का ते?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही, आपा," राउशान म्हणाली.

आपांनी डोक्याचा रुमाल घट्ट बांधला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "हिच्या फाटकालाही तेच पाइप आहेत. चल."

माझा नवरा फाटकात आडवा उभा राहिला. गावभर बोभाटा झाला तर आमच्या मेंढ्या कोण घेणार, असं त्याचं म्हणणं. आपा समोर रस्त्यावर फतकल मारून बसल्या. तो आत गेला, चहा प्यायला, परत आला, तरी त्या तिथंच. त्यानं कडी काढली. यंत्र आमच्याकडेही वाजलं.

नंतरचा सगळा उन्हाळा आपा, पाइप मोजून घ्या म्हणत, दारोदार फिरल्या. काहींनी शिव्या दिल्या, काहींनी कुत्री सोडली. सरकारी ट्रक पाइप न्यायला आला तेव्हा बर्फ पडायला लागलं होतं. आमचं फाटक माझ्या नवऱ्यानं स्वतः उपटून रस्त्यावर आणून ठेवलं.