साकव मऊ झाला

हे गेल्यावर पावसाळाभर मी त्यांचा लॅपटॉप उघडला नाही. भोरच्या कॉलेजात हे गणित शिकवायचे. दर वर्षी पाऊस ओसरला की आम्ही दोघं हिर्डोशीच्या पुढच्या झुलत्या साकवावर जायचो. पलीकडे धनगरांची छोटी वस्ती आहे. ओढा भरलेला असेपर्यंत तिला साकवाशिवाय जवळची वाट नाही. मधल्या फळीवर मोबाईल ठेवून हे एकदा उडी मारत. साकव कसा खालीवर झाला, ते मोबाईल टिपून घेई.

घरी ते सॉफ्टवेअरमध्ये घालायचं. साकवाचं वजन, झोका विरत जाणं आणि तारांचा ताठरपणा, या तिन्हींचं मिळून दुसऱ्या कोटीचं विकलक समीकरण, म्हणजे झोका कसा हलेल त्याचं गणित, होतं. मी वाचनालयात नोकरी केलेली बाई. पण कुठं काय भरायचं, ते त्यांनी मला शिकवलं होतं. उत्तराची रेघ पडद्यावर उमटे आणि मोबाईलने टिपलेल्या रेघेवर बसे. "तार धरून आहे," एवढंच हे म्हणत.

यंदा मी एकटी गेले. उडी वस्तीतल्या म्हाताऱ्या धनगराने मारली.

घरी आल्यावर रेघा जुळेनात. गणिताची पुढे पळे, साकवाची मागे रेंगाळे. माझंच काही चुकलं असेल म्हणून सुरुवातीची जागा आणि सुरुवातीचा वेग पुन्हा भरून पाहिले. मग ताठरपणाचा आकडा उतरवत गेले. तो फार खाली आला, तेव्हा रेघा एकीवर एक बसल्या. इतक्या नेमक्या, की मी खुर्चीवरून उठले. तारा कुठंतरी सुटत होत्या.

तालुक्याच्या बांधकाम कचेरीत कळवलं, तर माणूस पाठवतो म्हणाले. कधी, ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी मी एसटीने पुन्हा गेले. म्हातारा शेरडं घेऊन अलीकडच्या काठावर होता. तारा सैल होताहेत, साकव वापरू नका, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. मास्तरांनी उगा भ्या घालून ठेवलंय तुमाला, म्हणाला.

"आक्का, उलट लई मऊ झालाय तो. आदी कसा हिसका द्यायचा. आता म्हातारी बी न भिता येती."

"बाबा, तो मऊ झालाय त्याचीच मला भीती वाटते."

त्याचं हसू विरलं. त्याने साकवाकडे पाहिलं, आणि मीही. त्याची बायको पलीकडून निघाली होती. डोक्यावर पाटी, एक हात तारेला. साकव तिच्या पावलागणिक सावकाश खाली जात होता आणि त्याहून सावकाश वर येत होता. हाक मारली असती तर ती मधेच थांबली असती. 

ती उतरली. आमची तोंडं पाहून काय झालं म्हणाली.  कोयत्याने बाभळीच्या फांद्या तोडून म्हातारा त्या वाट अडवायला साकवाच्या तोंडाशी ओढू लागला.

"आवं, सून पोराला घिऊन तिकडंच हाय," ती म्हणाली. "माज्या मागनंच निगाली व्हती."