शेडमधले एकवीस दिवस

मावशींनी बांधलेला कलमाचा जोड सुटल्याचं तीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. नवरा सुटला, भाऊ सुटले. लिंबाचं कलम नाही.

त्यांची रोपवाटिका हद्दीला खेटून होती आणि गिऱ्हाईक सगळं पलीकडच्या राज्यातलं. त्या राज्याने नवा कायदा केला : बाहेरून येणारं रोप नाक्यावरच्या शेडमध्ये एकवीस दिवस ठेवायचं, रोग आहे का पाहायला. तिथल्या रोपांना ही अट नव्हती. रोग बहुधा रहिवासी दाखला पाहून येत असावा. शेडला पत्रा होता, नळ नव्हता. मावशींची पहिली खेप बाविसाव्या दिवशी सुटली, ती पार वाळून. वर शिक्का : ‘रोगमुक्त’. “हे धडधडीत खोटं,” मावशी म्हणाल्या.

“खोटं काय त्यात?” वकील भाचा म्हणाला. “मेलेल्याला कसला रोग?”

“तू कुणाच्या बाजूचा रे, मेल्या?”

दुसरी खेप सहाशे कलमांची, तीही शेडमध्ये गेली. ही मेली तर इथून पुढे आमच्या राज्यातलीच रोपं घेईन, असं त्यांच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाने, पलीकडच्या एका बागायतदाराने बजावलं होतं. तो गेला की रोपवाटिकेला कुलूप. आणि पाण्यावाचून कलम बारा दिवसांच्या वर टिकत नाही.

भाच्याने अर्ज केला. तिसऱ्या दिवशी इथलं न्यायालय म्हणालं, कायदा त्यांचा, तिकडे जा. सहाव्या दिवशी तिथलं म्हणालं, बाई तिकडच्या, नुकसान तिकडचं, तिकडे जा.

“म्हणजे माझी झाडं मरतायत तरी कुठे?” मावशींनी विचारलं.

आठव्या दिवशी त्या झारी घेऊन नाक्यावर गेल्या. रखवालदाराने अडवलं.

“पाणी आत नेता येत नाही, मावशी. पाण्यातूनही रोग येतो.”

“मग तू काय पितोस?”

त्याने हातातली बाटली पाठीमागे लपवली. मावशींची नजर मात्र हद्दीच्या दगडांवर गेली. एक ओढ्याकाठी, दुसरा रस्त्यापलीकडे. जन्मभर रोपांच्या ओळी आखलेल्या बाईला त्या दोघांमधली रेघ काही शेडच्या अलीकडून जाताना दिसेना. त्यांनी पिशवीतली लागवडीची दोरी काढली, एक टोक रखवालदाराच्या हातात दिलं आणि ताणली. अख्खी शेड अलीकडे राहिली. मावशींच्या राज्यात.

रखवालदाराच्या हातून दोरी सुटली. “म्हणजे मी चार महिने परराज्यात ड्युटी करतोय?”

दहाव्या दिवशी भाच्याने आणलेल्या सरकारी मोजणीदारानेही तेच मोजलं : चौदा फूट आत. इथल्या न्यायाधीशांनी चष्मा काढून नकाशा पाहिला, मग चष्मा लावून पुन्हा पाहिला.

“तुमचा कायदा आमच्या जमिनीवर काय करतोय?” त्यांनी पलीकडच्या सरकारी वकिलांना विचारलं.

वकिलांनी फाइल उघडली. न्यायाधीशांनी तोवर आदेश सांगायला घेतला :

“रोपं इथे अडवलीत, तेव्हा खटला आम्हीच ऐकणार.” कायदा टिकतो की नाही, ते पुढच्या महिन्यात, तोवर ही रोपं अडवायची नाहीत.

अकराव्या दिवशी कुलूप निघालं. चारशे बारा कलमं हिरवी होती. मावशी प्रत्येक जोडावर बोट फिरवत ट्रकमध्ये चढवत होत्या.

तेवढ्यात ते सरकारी वकील खाकरत जवळ आले.

“मावशी, शेड आता आमच्या हद्दीत हलवतोय. ऊन फार आहे तिथे. सावलीची झाडं मिळतील तुमच्याकडे?”

मावशी हातातलं कलम नीट ठेवून म्हणाल्या,

“मिळतील की. फक्त एकवीस दिवस लागतील. आणि पाणी तुम्ही घालायचं.”