रडणाऱ्याचा नंबर आधी

“रडते कसं, ते करून दाखव.”

डॉक्टरबाईंचा पहिला प्रश्न हाच. ताप, जुलाब नंतर. लेकरू कसं रडतं ते आईने सगळ्यांसमोर रडून दाखवायचं. बाजाराच्या दिवशी तुम्ही रिसोडच्या त्या होमिओपॅथीच्या दवाखान्यात बसला असतात, तर लेकरांपेक्षा आयाच जास्त रडताना दिसल्या असत्या. एकदा एक मिशाळ बाप एकटाच पोरगं घेऊन आला. “मले नाही जमत बाई,” म्हणाला. “मंग गोळी कोनती देऊ? चिडून रडते का कळवळून, मले कसं समजन?” शेवटी त्याने डोळे मिटून असा टाहो फोडला की त्याचं पोरगं रडायचं थांबून त्याच्याकडे बघत राहिलं.

चिडून रडणारं, कडेवर फिरवलं की गप होणारं लेकरू म्हणजे कॅमोमिलाची गोळी. बायकांचंही तसंच. डोकेदुखी घेऊन आलेल्या बाईला त्या विचारायच्या, “रडू आल्यावर कोनी जवळ घेतलं तं बरं वाटते का राग येते?” बरं वाटलं तर पल्सेटिला, राग आला तर नेट्रम मूर. एक बाई यावर म्हणाली, “कोनी घेतलंच नाही, तं कसं सांगू?” बाईंनी पुस्तक मिटलं आणि तिला चहा पाजला. गोळ्यांनी किती जणींना गुण आला, देव जाणे. मी चौदा वर्षं त्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या बाटल्यांत भरल्या, तरी मला सांगता येणार नाही. पण उतरलेल्या चेहऱ्याने आलेल्या कित्येकी कोणीतरी विचारलं एवढ्यानेच हलक्या होऊन जायच्या, हे मी पाहिलं आहे.

नंबर लावायचं काम माझं. नियम बाईंचा, रडणाऱ्याचा नंबर आधी. रडणाऱ्या लेकरासाठी शांत लेकराच्या आईने सरकायचं, आणि आयाही कुरकुर न करता सरकायच्या.

दिवाळीनंतरचा बाजार होता, दवाखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. किन्हीराजा गावात दिलेली एक पोर बाळंतपणाला रिसोडला माहेरी आली होती. महिन्याची मुलगी शालीत गुंडाळून ती बाकाच्या टोकाला बसली. “सकाळपासून अंगावर पीत नाही,” म्हणाली. मी शालीत डोकावले. मुलगी डोळे मिटून पडली होती. “मोठं गुणी लेकरू हाये वं तुहं,” मी म्हटलं. “बस जराशी.” ती हसली. लेकीचं कौतुक कोणाला आवडत नाही? मग प्रत्येक रडणाऱ्या लेकराला ती आपणहून वाट देत गेली. दोन तास.

तिचा नंबर आला तेव्हा बाईंनी शाल बाजूला केली आणि मुलीच्या पायाच्या तळव्याला टिचकी मारली. पुन्हा मारली. मग “जीप बघ” एवढंच मला म्हणाल्या आणि लेकरू उचलून अनवाणीच रस्त्यावर गेल्या. वाशीमच्या मोठ्या दवाखान्याच्या वाटेवरच ती मुलगी गेली. मी जीपमध्ये शेजारीच होते. तिची आई रडत नव्हती. माझ्याकडे बघून एकच वाक्य म्हणत होती, “तुमीच म्हनल्या ना, गुणी हाये.”

दुसऱ्या दिवशी मी काम सोडते म्हणून सांगायला गेले. “तू काहून चालली?” बाई म्हणाल्या. “नियम माहा होता.” मी राहिले. कुठे गेले असते?

त्या दिवसापासून गप्प लेकराचा नंबर आधी. तेवढ्यानेही बाईंचं भागेना. तपासणी अर्धी सोडून त्या बाहेर यायच्या आणि झोपलेल्या प्रत्येक लेकराच्या तळव्याला टिचकी मारायच्या. आया चिडायच्या. “आत्ताच निजवलं होतं बाई, काहून उठवलं?” “रडू दे माय, रडू दे,” म्हणत त्या पुढच्या लेकराकडे जायच्या. लेकराने भोकाड पसरलं की त्यांचा रोखलेला श्वास सुटायचा. रडून दाखव, असं मात्र त्यांनी पुन्हा कोणाला सांगितलं नाही.

हळूहळू माणसं येईनाशी झाली. लेकरं रडवणाऱ्या डॉक्टरणीकडे कोण जाईल? रिकाम्या दुपारी आतून आवाज यायचा, “बाहेर कोनी बसलं हाये काय? गप्प?” कोणी नाही, हे मला माहीत असायचं. तरी मी उठून बाकाच्या टोकापर्यंत जाऊन बघून यायची. आजही तो बाक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

गेल्या उन्हाळ्यात बाई गेल्या. पुढच्या खोलीत त्यांना ठेवलं होतं, बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मी पायाशी बसले. कोणीतरी म्हणालं, “कशा शांत दिसून राह्यल्या बाई.”

ते ऐकलं आणि माझा हात चादरीखाली गेला. मी त्यांच्या तळव्याला टिचकी मारली. मग पुन्हा एकदा, जरा जोरात.