हौसाक्काचे भाऊ

हौसाक्काच्या हातगाड्यावर वांगी कमी आणि माणसं जास्त, असं आम्ही दवाखान्यात म्हणायचो. नव्वदच्या दशकात कोल्हापुरातल्या एका सरकारी दवाखान्यात मी केसपेपरच्या खिडकीत बसत होतो. स्टँडजवळच्या फूटपाथवर कुणी निपचित पडलेला दिसला, की ही भाजीवाली त्याला मेथीच्या पेंढ्यांशेजारी निजवायची आणि गाडा ढकलत थेट माझ्यापुढे हजर!

"पेशंटशी नातं?" मी विचारायचो.

"भाऊ."

"अहो, परवाचाही भाऊच होता की!"

"आमच्या आईला लई पोरं. तुमी लिव्हा की मुकाट!"

डॉक्टर बहुधा 'अशक्तपणा' लिहायचे. तो शब्द वाचून दाखवला, की ती कपाळावर हात मारून घ्यायची. "भूक म्हणा की वो सरळ! भुकेला लाजताय व्हय?" मला ती बाई म्हणजे रोजची कटकट वाटायची, आणि चार दिवस दिसली नाही की चुकल्यासारखंही व्हायचं.

मग वरून फतवा निघाला: नातेवाइकाच्या पुराव्याशिवाय कुणाला दाखल करायचं नाही. नेमका दुसऱ्याच दिवशी तिनं एक म्हातारा आणला. अंग तापानं फणफणलेलं, पोट पाठीला लागलेलं. मी म्हणालो, "आक्का, रेशनकार्ड दाखवा. त्याशिवाय जमणार नाही."

"फूटपाथला रेशनकार्ड असतंय व्हय?"

मी हललो नाही. नोकरीचा प्रश्न होता. तिनं गाडा सरळ दारात आडवा लावला, म्हाताऱ्यावर आपलं घोंगडं घातलं आणि तराजू काढून ओरडायला लागली, "वांगी घ्या, कवळी वांगी! माझ्या भावाला आत घेस्तवर धंदा हितंच!" नर्सबाई हसू दाबत होत्या. एकीनं तर अर्धा किलो घेतलीसुद्धा! पाऊण तासानं मोठे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी गाड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "आत घ्या त्यांना. सही मी करतो."

दोन दिवस ती दुधात कुस्करलेली भाकरी घेऊन येत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मलाच तिला सांगावं लागलं, म्हातारा पहाटे गेला.

तिनं हातातला भाकरीचा डबा खिडकीत टेकवला. मग म्हणाली, "रातची भाकरी खाल्ली हुती का त्यानं?"

"सगळी खाल्ली."

"मग बरं झालं. उपाशी न्हाय गेला."

पाऊण तास मी त्याला दारात ताटकळत ठेवलं होतं. त्याबद्दल ती एका शब्दानं बोलली नाही. चार शिव्या हासडल्या असत्या, तर बरं झालं असतं.