देवपूरच्या गल्लीतलं शिळं पाणी

"तुझाच जॉइंट लीक आहे. सोमवारी रस्ता खोदू," साहेब म्हणाले. "सापडेपर्यंत रजा विसर."

धुळ्यात देवपूरला आम्ही पाण्याची नवी लाइन टाकली होती. काळ्या प्लास्टिक पाइपांची टोकं मशीनवर तापवून जोडायची आणि जॉइंट थंड होईपर्यंत हात लावायचा नाही, हे माझं काम. मी रत्नागिरीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. साहेबांनी मशीन हातात दिलं म्हणून पोटाला लागलो. त्यामुळे चूक निघाली की ती माझीच असणार, असं आधी मलाच वाटतं.

पूर्वी या गल्लीत आठवड्यातून एकदा पाणी यायचं. आता रोज सकाळी तासभर सोडत होतो. रोज दिलं की लोक साठवणार नाहीत, पाणी वाचेल, असा अंदाज. पण गल्लीच्या तोंडाशी बसवलेला बल्क मीटर, म्हणजे सगळ्या घरांचं मिळून पाणी मोजणारा, जवळजवळ दुप्पट दाखवत होता. घरोघरचे मीटर अजून बसायचे होते.

शिमगा आठ दिवसांवर. गावाकडे ग्रामदेवतेची पालखी आमच्या अंगणात येते, रजा त्यासाठीच हवी होती. आई फोनवर एवढंच म्हणाली, "येशील ना?"

दुसऱ्या दिवशी पाणी सुटायच्या अर्धा तास आधीच गल्लीत जाऊन बसलो. बघतो तर गटार भरून वाहतंय, तेही स्वच्छ पाण्यानं. साहेबांना फोन केला.

"साहेब, व्हॉल्व्ह अजून बंद आहे. रिकाम्या पाइपातून काय गळणार?"

"बरं. शनिवारपर्यंत बघ," ते म्हणाले.

समोरच्या घरातल्या सुमनअक्का ड्रम आडवा करून पाणी ओतत होत्या. शेजारणीही तेच करत होत्या.

"अक्का, कालचंच पाणी ना हे?"

"मंग? ताजं येवाले लागनं, शिळं पानी कोन पिई?"

"मग रोज एवढं भरता कशाला?"

"आनि उद्या नही उनं ते? तू देशी का?"

आमच्याकडे डोंगरातलं पाणी पन्हळीतून डोणीत, म्हणजे अंगणातल्या कुंडात, पडतं आणि डोण भरली की पोफळीच्या मुळाशी जातं. आई रात्री काही भरून ठेवत नाही. हे अक्कांना सांगितलं.

"मंग ते सोडीसन आठे कसाले उना रे भाऊ?" त्या म्हणाल्या. शेजारणी हसल्या. ते सोडून इथं आलो ते पोटासाठी.

शेवटी मी म्हणालो, "रोज पाण्याच्या वेळी तुमच्या नळाशी उभा राहतो. नाही आलं तर साइटच्या टाकीतून मी आणून देतो. तुम्ही फक्त ओतू नका."

"नही उनं ते गल्लीभर तुनं नाव करसू," अक्कांनी बदनामीचा दम दिला.

रोज नळ सू-सू करेपर्यंत मी तोटीकडे बघत उभा राहायचो. पाणी मात्र रोज आलं. तिसऱ्या दिवशी अक्कांनी एक ड्रम भरलाच नाही, पालथा घालून ठेवला. मग शेजारणींनीही. शनिवारी मीटर अंदाजाच्या आकड्यावर आला. रस्ता खोदला नाही.

"साहेब, रजा?"

"जळगावला असाच रोजच्या पाण्याचा झोन सुरू होतोय. तिथंही ओतत असतील. तू बायकांशी बरा बोलतोस."

मी हो म्हणालो. यांनीच उभं केलंय मला.

पालखीच्या दिवशी जळगावात खड्ड्यापाशी होतो. जॉइंट थंड होईपर्यंतच्या वेळात आईला फोन लावला. आईनं तो ढोलाकडे धरला. ढोल थांबला तेव्हा मागे डोणीत पडणारं पाणी ऐकू आलं. तिला म्हणालो, "थोडा वेळ तसाच धर."

त्या कामातून एवढं शिकलो: रस्ता खोदायच्या आधी गटार बघावं. आणि रजेचा अर्ज आकडा जुळायच्या आधीच देऊन ठेवावा.